गाडी दुसऱ्याची, विमा कुणाचा?
मोटार विम्याच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

लग्नसराईत, गणपतीत, दवाखान्याच्या धावपळीत आपल्याकडे गाड्या हातोहात फिरतात. मेहुण्याची गाडी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाते, शेजाऱ्यांची रात्री अडीचला सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात उभी असते, ऑफिसातल्या मित्राची शनिवारी पसरणीचा घाट चढते. किल्ली देताना मालक दोन गोष्टी सांगतो : पेट्रोल किती आहे आणि क्लच जरा कडक आहे. विम्याचा विषय निघत नाही. निघालाच तर ‘आहे ना, फुल इन्शुरन्स आहे’ यावर मिटतो. त्या एका वाक्यात नेमके काय आले आणि काय राहिले, हे कळायला एक कायदा, एक छापील करार आणि कित्येक दशकांचे न्यायालयीन निकाल वाचावे लागतात. विषय रुक्ष वाटतो, हे खरे. तरी मोटार विम्याच्या कायद्यात शिरायचे असेल तर मागून आणलेल्या गाडीपासूनच सुरुवात करावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मालक आणि चालक एकच असतो तेव्हा कायद्याचे सांधे दिसत नाहीत. ते दोघे वेगळे झाले की प्रत्येक सांधा उघडा पडतो.

पुढच्या विवेचनाचा गाभा आधीच सांगून टाकतो. भारतात विमा गाडीचा उतरवला जातो. मालकाच्या परवानगीने, योग्य परवाना असलेला कुणीही ती चालवत असला तरी रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचे संरक्षण कमी होत नाही. या सगळ्या रचनेत उघड्यावर राहतो तो स्टिअरिंगवर बसलेला पाहुणा. तिऱ्हाइताला कायदा सांभाळतो, मालकाला करार सांभाळतो. गाडी मागून नेणाऱ्याला मात्र न्यायालये मालकाच्या जागी उभे करतात, आणि मालकाला जे मागता येत नाही ते तुलाही मागता येणार नाही, असे सांगतात. वकील आणि विमावाले सोडले तर हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ठाऊक नसल्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

ही रचना अशी का झाली, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटनने १९३० च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने तिऱ्हाइतासाठीचा विमा सक्तीचा केला. गाडीखाली सापडलेल्या माणसाला कोर्टाचा हुकूमनामा मिळायचा, पण चालकाच्या खिशात काही नसायचे. त्यावरचा हा इलाज होता. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात त्याच धर्तीचे प्रकरण आले, मात्र ते प्रत्यक्ष लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. मध्ये महायुद्ध झाले. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे अकरावे प्रकरण आज या विषयाचा पाया आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि १ एप्रिल २०२२ पासून नवी कलमे लागू झाली. नव्या वाचकाची इथे हमखास गफलत होते : जुन्या निकालांत जे कलम १४९ म्हणून भेटते ते आता १५० आहे. निकाल वाचताना तारीख आधी पाहावी.

मूळ उद्देश तिऱ्हाइताचे रक्षण हा असल्यामुळे कलम १४६ ची भाषाही तशीच आहे. सार्वजनिक जागी विम्याशिवाय गाडी वापरायची नाही आणि दुसऱ्याला वापरू द्यायचीही नाही. म्हणजे विमा संपलेली गाडी मित्राने दिली आणि तुम्ही चालवली तर गुन्हा दोघांचा; पहिल्या वेळी २००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. किल्ली घेताना विम्याची तारीख विचारणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. मोबाइलवरच्या कागदांत ती पाहायला अर्धा मिनिट लागतो.

आता पॉलिसीकडे वळू. बाजारात दोन प्रकार सर्वांच्या तोंडी असतात : ‘थर्ड पार्टी’ आणि ‘फुल’. पहिली कायद्याने सक्तीची, दुसरीत तिच्याबरोबर गाडीचे स्वतःचे नुकसानही येते. खासगी गाडीच्या पॉलिसीचा मसुदा २००२ च्या मोटार टॅरिफमधून आला आहे. पुढे दर मोकळे झाले, तरी वाक्ये बव्हंशी तीच राहिली, म्हणून कंपनी कुठलीही असो, ती ओळखीची वाटतात. त्यांतली दोन वाक्ये आपल्या विषयाचा प्राण आहेत. एक चालकाविषयीचे : विमेदारासह कुणीही व्यक्ती गाडी चालवू शकेल, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध परवाना हवा आणि तिला परवान्यासाठी अपात्र ठरवलेले नसावे. शिकाऊ परवानाही चालतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ३ च्या अटी पाळून. शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा आणि गाडीवर तो लाल ‘एल’ हवा. दुसरे वाक्य तिऱ्हाइताच्या जबाबदारीच्या भागात दडलेले आहे. विमेदाराच्या हुकमाने किंवा परवानगीने गाडी चालवणाऱ्या चालकालाही कंपनी विमेदाराप्रमाणेच संरक्षण देईल, पण त्यानेही विमेदाराइतक्याच अटी पाळल्या पाहिजेत. तुमच्या हातून मित्राच्या गाडीने कुणी जखमी झाले तर भरपाईचा भार कंपनी उचलते तो या वाक्याच्या जोरावर. मृत्यू आणि इजेच्या भरपाईला खासगी गाडीच्या पॉलिसीत आकड्याची मर्यादा नसते. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साधारणपणे साडेसात लाखांची असते. महागडी विदेशी गाडी ठोकली तर हा आकडा लवकर संपतो.

परवान्याच्या अटीवर जितके खटले झाले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर झाले असतील. मालकाने परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कंपनी सुटते का? १९८७ च्या स्कँडिया निकालात ट्रकचालक क्लीनरला गाडीत बसवून, इंजिन चालू ठेवून खाली उतरला होता. क्लीनरने गाडी हलवली आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, मालकाने परवानाधारक चालक नेमला होता, अट त्याने स्वतः मोडलेली नाही, कंपनीला पैसे द्यावेच लागतील. जानेवारी २००४ मध्ये स्वर्णसिंग निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विमा कंपन्यांच्या याचिकांचा मोठा गठ्ठा एकत्र ऐकून हे सूत्र पक्के केले. परवाना नव्हता, बनावट होता किंवा त्या प्रकारच्या गाडीचा नव्हता, एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने निष्काळजीपणे अट मोडली हेही तिने सिद्ध करायचे. सिद्ध झाले तरी तिऱ्हाइताला आधी पैसे मिळतील असा हुकूम न्यायालय देऊ शकते, आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करते. कोर्टाच्या आवारात याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. ऐकायला हे दयाळू वाटते, आणि जखमी माणसासाठी आहेही. पण त्यातल्या दुसऱ्या क्रियापदाकडे मालकाने नीट पाहावे. तीस लाखांचा निवाडा झाला आणि वसुलीचा हक्क कंपनीला मिळाला, तर ती रक्कम मालकाच्या घरातून, शेतातून, बँकेतल्या ठेवीतून येते. भाच्याला ‘जरा एक राउंड मारून ये’ म्हणण्याची एवढी किंमत असू शकते, हे गावाकडच्या किती मामांना माहीत असेल!

मालकाने मग करायचे तरी काय? न्यायालयांची अपेक्षा माफक आहे. परवाना पाहावा, तो खरा दिसतो का आणि माणसाला गाडी चालवता येते का याची खात्री करावी. आरटीओच्या खेपा घालून परवान्याची पडताळणी करत बसावी, असे कुणी म्हणत नाही. २०२२ मध्येही सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले. मात्र मुदत पाहायला विसरू नये. परवाना संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवड असे, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. गाडीच्या प्रकाराचा वाद बराच निवळला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येते, हे मान्य केले. मित्राचा ‘छोटा हत्ती’ घेऊन घरसामान हलवणाऱ्याला आता त्या एका कारणावरून अडवता येणार नाही.

दारूचा प्रश्न वेगळा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात स्पष्ट लिहिलेले असते की विमेदार, किंवा त्याच्या माहितीने व संमतीने गाडी चालवणारा, नशेत असेल तर नुकसान मिळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तिऱ्हाइताच्या दाव्यातही नशा हा कंपनीच्या बचावाचा एक आधार झाला. ढाब्यावर ‘मी ठीक आहे, दे इकडे किल्ली’ म्हणणाऱ्याला ती देणारा मालक दोन्हीकडून अडकतो.

अल्पवयीनांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर प्रकरणानंतर पुष्कळ लिहून झाले आहे. कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालक दोषी मानला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, वर्षभर गाडीची नोंदणी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. माझ्या माहितीशिवाय नेली किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते अशा घरांत हा भार पेलणे सोपे नाही.

परवानगी या कल्पनेची व्याप्ती निकालांमधून कशी वाढत गेली, हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग. १९६६ च्या एका प्रकरणात मालकाने टॅक्सी म्हणून चालवायला गाडी एकाकडे दिली होती. त्याने ती दुसऱ्याच्या हाती सोपवली. दुसरा लायसनच्या चाचणीसाठी ती घेऊन गेला आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने मालकाला मोकळे केले. हे त्याचे काम नव्हते, असे म्हटले. १९७७ च्या पुष्पाबाई निकालात सूर बदललेला दिसतो. एका कंपनीचा मॅनेजर तिचीच गाडी चालवत नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाला होता, गाडी झाडावर आदळली आणि सोबतचा प्रवासी गेला. इथे गाडीची मालक असलेल्या त्या कंपनीवर जबाबदारी आली. आणि १९८८ मध्ये गोव्यातून दिल्लीला गेलेल्या गोवेकर प्रकरणात प्रश्न आणखी रोजच्या व्यवहारातला होता. मालकाने दुरुस्तीला दिलेली गाडी गॅरेजच्या माणसाने रस्त्यावर आणली आणि एका महिलेला दुखापत झाली. गॅरेजवाला स्वतंत्र धंदा करतो, तो मालकाचा नोकर नव्हे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड होता. न्यायालयाने कायद्यातल्या ‘वापरू देणे’ यावर बोट ठेवले. किल्ली दिली म्हणजे वापरू दिली, कंपनी बांधील आहे. सक्तीच्या विम्याचा हेतू लक्षात घेऊन वाचले की जुनी मालक-नोकर चौकट कशी मागे पडते, हे पाहायचे असेल तर हे तीन निकाल ओळीने वाचावेत.

इथवर सगळी कहाणी तिऱ्हाइताची झाली. आता गाडी मागून नेणाऱ्याकडे येऊ.

२००९ च्या निंगम्मा निकालात एक माणूस ओळखीच्याची मोटरसायकल घेऊन निघाला होता. पुढची बैलगाडी एकदम थांबली, तो तिच्यावर आदळला आणि गेला. त्याच्या घरच्यांनी मोटरसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. दोष कुणाचा हे न पाहता ठरावीक सूत्राने भरपाई देणारे कलम तेव्हा होते, दावा त्याखाली होता. न्यायालय म्हणाले, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी येतो. मालक स्वतःविरुद्ध भरपाई मागू शकत नाही, म्हणून याचे वारसही मागू शकत नाहीत. जानेवारी २०२० मधल्या रामखिलाडी निकालात हेच झाले. तिथे तर समोरच्या मोटरसायकलवाल्याची चूक असल्याची तक्रार नोंदलेली होती, पण वारसांनी त्याच्या विमा कंपनीवर दावा न लावता, मयत जी चालवत होता तिच्याच कंपनीवर लावला. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या कंपनीकडून पूर्ण भरपाई मागता येते, हा सरळ रस्ता सोडून ते बंद गल्लीत शिरले. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातून आलेल्या प्रकरणात मागून घेतलेली कार भरधाव चालवताना उलटली होती. तिथेही स्वतःच्या चुकीने गेलेल्याच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने काही दिले नाही.

रामखिलाडी निकालाला एक शेपूट आहे आणि ते महत्त्वाचे आहे. मयत जर मालकाच्या जागी आला, तर पॉलिसीत मालकासाठी असलेला वैयक्तिक अपघात विमाही त्याला लागू व्हायला हवा, असे म्हणून न्यायालयाने करारातले एक लाख रुपये वारसांना देवविले. तर्क सुसंगत आहे. जबाबदारी मालकाची लादायची आणि हक्क मात्र द्यायचा नाही, हे त्यात थोडे तरी टळते. तरी कंपन्या हे वाक्य प्रत्येक दाव्यात आपणहून मान्य करतील, अशा भरवशावर कुणी राहू नये. माझे मत विचाराल तर ‘मालकाच्या जागी’ हे सूत्र दोष नसलेल्या चालकाला फार कठोरपणे लागू झाले आहे. गाडीच्या विम्याचा हप्ता भरलेला आहे, चालवणारा परवानगीने चालवतो आहे, कुणाची फसवणूक नाही. तरी अपघातानंतर गाडीत सर्वांत कमी हक्क त्याचे. संसदेने नाही तर निदान विमा नियामकाने याकडे पाहायला हवे.

मालकासाठीचा हा वैयक्तिक अपघात विमा २०१८ च्या अखेरीपासून किमान १५ लाखांचा झाला. आधी दुचाकीला एक आणि कारला दोन लाख असायचे. त्याच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली, विमा ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्याकडे, तो तिन्ही ठिकाणी एकच माणूस हवा. आपल्या मध्यमवर्गीय घरांत कर्जाच्या किंवा कराच्या सोयीने गाडी बायकोच्या नावावर घेतात, तिच्याकडे परवाना नसतो आणि रोज चालवतो नवरा. कायद्याच्या नजरेत तो रोज मागून आणलेली गाडी चालवत असतो, आणि १५ लाखांचे ते कव्हर त्या पॉलिसीत नसतेच. कंपनीच्या नावावरची गाडी घरी वापरणाऱ्या संचालकाचेही तेच. गंमत अशी की पगारी ड्रायव्हर ठेवला तर त्याच्याविषयीची मालकाची कायदेशीर जबाबदारी अगदी थोड्या जादा हप्त्यात पॉलिसीत घेता येते. मैत्रीखातर रात्रभर गाडी चालवणाऱ्या मित्रासाठी अशी तयार सोय नाही. म्हणून वरचेवर दुसऱ्याच्या गाड्या चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाचा, गाडीशी न बांधलेला वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. तो स्वस्त असतो आणि कुठल्याही गाडीत सोबत येतो.

मागच्या सीटवरच्यांचे काय? ‘फुल’ पॉलिसी असेल तर खासगी कारमधले प्रवासी तिऱ्हाइतासारखे संरक्षणात येतात. २०१२ च्या बालकृष्णन निकालाने आणि त्याआधीच्या नियामकाच्या परिपत्रकांनी हे स्पष्ट केले. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत मात्र फुकट नेलेला प्रवासी येत नाही. गाडी जुनी झाली म्हणून नुसती थर्ड पार्टी करून ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे, आणि नेमक्या अशाच जुन्या गाड्या सहज मागायला मिळतात. त्यात पाचजण बसून जेजुरीला जाताना चालकाच्या चुकीने अपघात झाला, तर मागच्या तिघांच्या घरच्यांसमोर विमा कंपनी उभी नसते. उभा असतो तो चालक आणि मालक.

गाडी दिल्याबद्दल पैसे घेतले की चित्र पुन्हा बदलते. खासगी पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर वर्ज्य आहे. गोव्यात हा प्रश्न रोजचा. स्वतः चालवायला भाड्याने द्यायची कायदेशीर गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. तिच्यासाठी १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे आणि दुचाकींसाठी १९९७ ची. म्हापशाच्या किंवा मडगावच्या गल्लीत पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी चारशे रुपयांनी कमी भाड्यात मिळते, आणि ‘पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा’ असा सल्ला सोबत फुकट मिळतो. तो सल्ला पाळणारा पर्यटक अपघातानंतर कंपनीच्या हाती आयता बचाव देतो. मित्राला पेट्रोलचे पैसे देणे हा मोबदला नव्हे, पण ठरवून किलोमीटरमागे दर लावला तर वाद सुरू होतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या बाबतीत न्यायालये इथे पूर्ण दार बंद करत नाहीत. २०१० च्या अमलेंदू साहू निकालात अट मोडल्याचा आक्षेप असूनही दाव्याच्या पंचाहत्तर टक्के देवविले गेले.

मालक म्हणजे कोण, हा प्रश्न वरवर बाळबोध आहे. कायद्याचे उत्तर : ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी विकली, पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्या, पण आरटीओत नाव बदलले नाही. मग ती गाडी चार हात फिरली. २०१८ च्या नवीन कुमार निकालाप्रमाणे अपघाताची जबाबदारी नोंदणीवरच्या पहिल्या मालकावरच येते. त्याला आपली विकलेली गाडी आपल्याच परवानगीने कुणी तरी चालवत असल्यासारखे उत्तर द्यावे लागते. वडील वारल्यावर त्यांच्या नावाची गाडी मुलगा तशीच वापरत राहतो, हे तर घरोघरी. मृत्यूनंतर पॉलिसी लगेच संपत नाही. तीन महिने किंवा मुदत, जे आधी येईल तोवर ती चालते, आणि तेवढ्यात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. तेरावा, वर्षश्राद्ध, सातबारा यांच्या गडबडीत हे तीन महिने केव्हाच निघून जातात.

अपघात झाल्यावरच्या एका प्रथेबद्दल कडक बोलणे भाग आहे. चालवत होता धाकटा, त्याच्याकडे परवाना नाही, म्हणून क्लेम फॉर्मवर थोरल्याचे नाव लिहायचे; ‘सगळेच असं करतात’. सर्व्हेअर, स्पॉट पंचनामा, दवाखान्यातले एमएलसीचे कागद, टोलनाक्याचे कॅमेरे, मोबाइलचे ठिकाण, यांतून खरे नाव बाहेर येते. मग जो दावा निदान तडजोडीने तरी सुटला असता तो खोट्या माहितीच्या कारणावरून मुळातूनच जातो, आणि फौजदारी भानगड मागे लागते ती वेगळीच.

छोट्या नुकसानीचा हिशेब मात्र माणसामाणसांतला आहे. मागून नेलेल्या गाडीचा बंपर फुटला तर क्लेम मालकाच्या पॉलिसीवर लागतो आणि त्याचा नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत पन्नासपर्यंत चढलेला असतो. गॅरेजचे बिल सहा हजार आणि गमावलेला बोनस त्याहून जास्त, असे पुष्कळदा होते. अशा वेळी गाडी नेणाऱ्याने बिल भरून टाकणे हा सभ्य मार्ग. पॉलिसीत तो लिहिलेला नसतो.

परदेशात मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांची संख्या आता मोठी आहे, म्हणून बाहेरच्या पद्धतीकडेही एक नजर टाकायला हवी. ब्रिटनमध्ये विमा चालवणाऱ्याशी बांधलेला असतो. लंडनला मुलाच्या पॉलिसीत वडिलांचे नाव चालक म्हणून नसेल आणि त्यांनी गाडी बाहेर काढली, तर ते विम्याशिवाय गाडी चालवणे ठरते; ३०० पौंड दंड, परवान्यावर सहा गुण आणि गाडी जप्तही होऊ शकते. काही पॉलिसीधारकांना दुसऱ्याची गाडी चालवण्याची सवलत असते, पण ती बहुधा तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरती. अमेरिकेत बहुतेक राज्यांत आपल्यासारखाच विमा गाडीमागे जातो, फक्त घरातल्या चालकांची नावे नोंदवावी लागतात आणि एखादे नाव मुद्दाम वगळलेलेही असते. उलट दिशेचा प्रश्नही आहे. न्यू जर्सीहून महिनाभरासाठी आलेली मुलगी कोथरूडमध्ये बाबांची गाडी चालवते तेव्हा कंपनी पहिल्यांदा विचारील ते तिच्या परवान्याबद्दल. आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट तिने तिकडूनच काढून आणलेले बरे.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने निकालांपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. आधी पॉलिसी वाचावी, मग कलमे १४६ ते १५०, आणि त्यानंतर निकाल. उलट क्रमाने वाचले की तत्त्वे पाठ होतात, पण ती कुठल्या वाक्यावर उभी आहेत हे कळत नाही. पॉलिसी इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि कंटाळवाणी असते. विमा एजंटसुद्धा ती क्वचितच पूर्ण वाचतो. त्यामुळे हे पान उलटण्याआधी वाचकांना एक विनंती. घरातल्या गाडीची पॉलिसी शोधून समोर ठेवा. त्यात चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करा : विमेदाराचे नाव, पॉलिसीचा प्रकार, चालकाविषयीचे कलम आणि वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे की नाही. त्या खुणा समोर असल्या तर पुढची प्रकरणे सोपी जातील.